गोठत्या मिसिसिपीवर वॉलआय गरवताना

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार. हवा २८ अंश फॅरनहाइट, म्हणजे गोठणबिंदूच्या खाली (पुढचे सगळे अंशही फॅरनहाइटच). मिनेसोटातल्या रेड विंग गावाशेजारी मिसिसिपीत आमची सोळा फुटी होडी धारेसोबत हळूहळू खाली सरकत होती. बाबा देवगडहून महिनाभरासाठी आले होते. त्यांच्यासाठी तीन दिवसांचा परवाना काढला होता. छडी कशी धरायची ते मी त्यांना दाखवलं, पण त्यांनी ती त्यांच्याच पद्धतीने धरली. रिळाच्या पुढे दोरीखाली तर्जनी सरकवली आणि गप्प बसून राहिले. मी जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, वरखाली नाचवत होतो, त्यांची छडी जवळजवळ हलतच नव्हती. तासाभरात त्यांना तीन मासे लागले, मला एकही नाही. तिसरा मासा जाळीत घेताना ते म्हणाले, "घाय करू नको रे. जड झाली की उचल."

आमच्या कोकणात गळाने मासे धरण्याला गरवणं म्हणतात. बाबांचं सगळं आयुष्य खाडीकाठी गरवण्यात गेलं. वॉलआय हा इथला गोड्या पाण्यातला मासा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तरी मला इथले तीन हिवाळे जे उमगलं नव्हतं, ते त्यांच्या बोटाला तासाभरात कळलं. थंड पाण्यातला मासा धावत येऊन आमिष ओढत नाही. तो तोंड उघडतो, आमिष आत घेतो आणि तिथेच थांबतो. तुम्हाला झटका जाणवत नाही, दोरी किंचित जड लागते, इतकंच. पुढे लिहिलेलं सगळं, म्हणजे सामान, होडी, जागा, हे त्या एवढ्याशा जडपणापर्यंत पोहोचण्यासाठी आहे.

नदी कोणती आणि इथेच का

अपर मिसिसिपीवर १९३०च्या दशकात नऊ फूट खोलीचा जलमार्ग राखण्यासाठी लॉक (बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजे) आणि धरणांची साखळी उभी राहिली. दोन धरणांमधल्या पाण्याला इथे 'पूल' म्हणतात. रेड विंगच्या वरच्या अंगाला लॉक अँड डॅम नंबर ३ आणि खाली विस्कॉन्सिनमधल्या ॲल्मा गावाशी नंबर ४. या दोहोंमधला सुमारे ४४ मैलांचा पट्टा म्हणजे पूल फोर. त्याच्या मध्यावर लेक पेपिन आहे. हा तलाव धरणामुळे झालेला नाही. विस्कॉन्सिनातून येणाऱ्या चिपेवा नदीने आपल्या वाळूने मिसिसिपीला अर्धवट अडवलं आणि मागे पाणी तुंबून तो तयार झाला.

हिवाळ्यातल्या मासेमारीचं सगळं गणित या भूगोलात आहे. पाणी गार व्हायला लागलं की पेपिनमधले वॉलआय आणि त्यांचे भाऊबंद सॉगर नदीने वर सरकू लागतात. वसंतात अंडी घालायची असतात, त्याची ही आधीची चाल. वर जाता जाता धरण आडवं येतं आणि मासे त्याच्या खालच्या काही मैलांत दाटतात. धरणातून उसळत येणारं पाणी आणि त्याच्या वरच्या बाजूला असलेल्या प्रेअरी आयलंड अणुवीज केंद्राचं कोमट पाणी यांमुळे हा पट्टा कडाक्याच्या थंडीतही बराचसा मोकळा राहतो. आजूबाजूच्या तलावांवर लोक बर्फाला भोकं पाडून बसलेले असतात, तेव्हा इथे होडी चालते.

कायद्याचंही कारण आहे. मिनेसोटातल्या तलावांमध्ये वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीअखेर बंद होतो आणि थेट मे महिन्यात उघडतो. विस्कॉन्सिनच्या सीमेवरच्या या पाण्यात मात्र तो वर्षभर चालू असतो. वॉलआय हा १९६५पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे, त्यामुळे मार्चमध्ये तो गरवायला मिळणं म्हणजे इथल्या माणसाला सणच.

ट्विन सिटीज, म्हणजे मिनीॲपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांहून रेड विंग तासाभरावर. होडी उतरवायला कॉलव्हिल पार्कचा उतार आहे. हिवाळ्यात तिथल्या झाडांवर गरुड बसलेले असतात, मोकळ्या पाण्यातले मासे टिपायला. घरच्यांना नेलंत तर ती वेळ वाया जात नाही.

आधी जिवाचं

हा भाग मी मुद्दाम सामानाच्या आधी लिहितो आहे. ३३ अंशांच्या पाण्यात माणूस पडला तर काय होतं, ते इथले प्रशिक्षक तीन आकड्यांत सांगतात: एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, माणूस धापा टाकतो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. त्यानंतर बोटांची मूठही वळत नाही. शुद्ध हरपायला सुमारे तास लागतो. म्हणजे पोहता येणारा माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी बुडून मरतो. जीवरक्षक जाकीट अंगावर असेल तर पहिलं मिनिट निभावतं. बाकाखाली ठेवलेल्या जाकिटाचा काही उपयोग नाही.

म्हणून, काठ सोडण्याआधी जाकीट अंगात आणि पट्टे आवळलेले. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली. १ एप्रिल २०२१पासून २६ फुटांहून लहान मोटारबोटींना ही सोय असेल तर होडी वेगात असताना ती वापरणं संघीय कायद्याने सक्तीचं आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. फोन आतल्या खिशात. घरी कोणाला तरी किती वाजता परतणार ते सांगून ठेवलेलं. हिवाळ्यात एकट्याने जाऊ नका. नदीवर इतकी कमी माणसं असतात की हाक ऐकायला कोणी नसतं.

दुसरा धोका उताराचा. आधी येऊन गेलेल्या होड्यांचं पाणी उतारावर सांडतं आणि मिनिटांत त्याची काच होते. मागे एकदा माझी गाडी ट्रेलरसकट चार फूट पाण्याच्या दिशेने घसरली, ब्रेक दाबलेला असताना. त्या दिवसापासून गाडीत वाळूची बादली असते. आधी चालत जाऊन उतार पाहतो, चाकं येतील तिथे वाळू पसरतो, मगच गाडी मागे घेतो. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावल्याशिवाय मी उतारावर पाय ठेवत नाही. परत वर आल्यावर होडीतलं पाणी उतारावर सोडू नका. थोडं पुढे, सपाट जागी न्या. मागून येणाऱ्याची काळजी आपणच घ्यायची.

आणि नांगर. जोराच्या धारेत होडीच्या मागच्या टोकाने नांगर कधीही टाकू नका. दोरी ताणली की मागचं टोक खाली खेचलं जातं, पाणी काठावरून आत येतं आणि होडी बघता बघता बुडते. थांबायचंच असेल तर नांगर पुढच्या टोकाने, लांब दोरीवर, आणि दोरी कापायला सुरी हाताशी. पुढे सांगितलेल्या पद्धतीत नांगराची गरजच पडत नाही.

थंडीत मासा कुठे असतो

तलावात हिवाळ्यात पाण्याचे थर लागतात. ३९ अंशांचं पाणी सगळ्यात जड, ते तळाशी बसतं आणि वर बर्फ. नदीत तसं होत नाही, कारण धार सगळं घुसळत असते. वर ३३ अंश असेल तर तळालाही जवळपास ३३च. म्हणजे नदीतल्या माशाला उबेची जागा शोधून मिळणार नाही. त्याच्या हातात एकच उपाय उरतो: शक्ती वाचवणं. थंड रक्ताचा जीव, पचन मंदावलेलं, पोहण्याचे स्नायू मंदावलेले. अशा माशाला धारेशी झुंजत उभं राहणं परवडत नाही. त्याला आडोसा हवा असतो, पण वाहत येणारं खाणं हाताच्या अंतरावर राहील असा.

ही जागा पाण्याच्या पृष्ठभागावर वाचता येते. होडीत उभं राहून पाहिलं तर कुठेतरी वेगाने जाणारं सुरकुतलेलं पाणी आणि शेजारी संथ, गुळगुळीत पाणी यांच्यामध्ये एक रेघ दिसते. कधी त्या रेघेवर फेस किंवा बर्फाचे तुकडे रांगेने वाहत असतात. मासा त्या रेघेच्या संथ बाजूला असतो. बेटाच्या शेपटाकडे, वळणाच्या आतल्या बाजूला, पुलाच्या खांबामागे, धरणाखालच्या भोवऱ्याच्या कडेला अशा रेघा सापडतात.

इथे दगडी 'विंग डॅम' समजून घेतले पाहिजेत. १८७८ साली साडेचार फूट आणि १९०७ साली सहा फूट खोलीचा मार्ग मंजूर झाला, तेव्हा सरकारने काठापासून पात्रात आडवे घुसणारे दगडाचे आणि झाडझाडोऱ्याचे बांध घातले. धार मध्याकडे ढकलायची आणि तिच्याच जोराने मधली वाळू उपसून काढायची, हा त्यांचा हेतू. पुढे मोठी धरणं आली, पाणी वाढलं आणि हे बांध बुडाले. आज ते वरून दिसतात फक्त एका उकळत्या रेघेसारखे. होडीच्या पंख्याला ते घातक आहेत, म्हणून नकाशावर आधीच पाहून ठेवा. माशाला मात्र ते आयतं घर. उन्हाळ्यात वॉलआय बांधाच्या वरच्या तोंडाशी तळाला चिकटून शिकार करतो. थंडीत मी बांधाच्या खालच्या बाजूचा खड्डा आणि बांधाचं टोक, एवढंच तपासतो.

पाण्याचं तापमान पाहून जागा बदलते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाणी ५० वरून ४० अंशांकडे उतरत असताना, मासे अजून चपळ असतात. आठ ते पंधरा फुटांत, बांधांच्या टोकांवर भेटतात, थोडं जास्त हालतं आमिषही चालतं. डिसेंबर ते फेब्रुवारी, पाणी ३२-३४ अंश, तेव्हा अठरा ते तीस फुटांचे संथ डोह. सॉगर सर्वांत खोल, वॉलआय डोहाच्या कडेवर थोडे वर. फेब्रुवारीअखेरपासून दिवस लांबतो, पाणी एखादा अंश चढतं आणि मासे पुन्हा उथळ कडांकडे सरकतात. याच काळात बर्फ वितळून गढूळ, आणखी गार पाणी आलं की दोन-तीन दिवस सगळं ठप्प होतं. पाणी चढलं तर मासा काठाकडे दबतो, हे लक्षात ठेवा. लोक मध्यात शोधत राहतात आणि मासा काठापासून दहा हातांवर, सहा फुटांत असतो.

निघण्याआधी मी वरच्या अंगाला असलेल्या प्रेस्कॉटचा प्रवाहमापक पाहतो. आकडा मोठा की लहान यापेक्षा तो स्थिर आहे का, हे महत्त्वाचं. तीन दिवस पाणी स्थिर असेल तर मासेही आपल्या जागी असतात. हिवाळ्यात पहाटे जाण्यात अर्थ नाही. दुपारी बाराच्या पुढे, आणि खरी वेळ शेवटच्या दीड तासाची. वॉलआयच्या डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. आपल्या खाडीतल्या जिताड्याचा डोळा विजेरीत चमकतो ना, तसाच. अंधुक उजेडात त्याच्या भक्ष्याला कमी दिसतं आणि याला जास्त.

सामान, मोजकंच

छडी सव्वासहा ते पावणेसात फुटांची, मध्यम-हलकी, पण टोक चटकन वाकणारं. रीळ २५०० आकाराचं. दोरी आठ ते दहा पौंडांची विणलेली, भडक पिवळी, कारण कित्येकदा चावा बोटाआधी डोळ्याला दिसतो. तिच्या पुढे तीन फूट आठ पौंडांची फ्लुरोकार्बनची पारदर्शक दोरी. विणलेली दोरी ताणत नाही, तळाचा प्रत्येक खडा हाताला सांगते. तिचा दोष एकच, ती पाणी धरते आणि छडीच्या कड्यांत बर्फ जमवते. हवा २५ अंशांखाली असेल तेव्हा मी दुसऱ्या रिळावरची साधी सहा पौंडांची तंगूस, म्हणजे एकेरी नायलॉनची दोरी, वापरतो. स्पर्श थोडा कमी होतो, पण कडी मोकळी राहतात. कड्यांना ओठांना लावायचं मलम चोळलं तर बर्फ उशिरा धरतो. बर्फ धरलाच तर छडीचं टोक पाण्यात बुडवून हलवा. नखाने किंवा दाताने फोडायला गेलात तर कड्यातली चकती निघून येते.

पुढच्या दोऱ्या मी घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, आठ-दहा बांधून ठेवतो. गार वाऱ्यात ओल्या बोटांनी गाठ मारणं म्हणजे अर्धा तास गेला.

जिगची वजनं पाव औंसाच्या आसपास: एक अष्टमांश, पाव, तीन अष्टमांश, अर्धा. नियम असा की तळ स्पष्ट कळेल इतपत जड आणि त्याहून जराही जास्त नाही. वीस फुटांत, मध्यम धारेत पाव औंस बहुधा पुरतो. वारा असला की तीन अष्टमांश. जड जिग माशाच्या तोंडात ओढला जात नाही. मंद मासा पाणी शोषून आमिष आत घेतो, तेव्हा हलकं तेच आत जातं.

आमिषाला फॅटहेड मिनो, बोटाएवढे जिवंत मासे. गळ तोंडातून घालून डोक्यामागून वर काढायचा, म्हणजे मासा जिगवर सरळ बसतो. पाणी ३६ अंशांखाली असताना सॉगर शेपटाकडूनच चावतात आणि सुटतात. त्यासाठी जिगच्या कड्यातून दोनेक इंचांची दोरी काढून तिला एक छोटा तिहेरी गळ बांधतात, त्याला इथे स्टिंगर म्हणतात. तो मिनोच्या शेपटाजवळ नुसता अडकवायचा किंवा मोकळा सोडायचा. प्लास्टिकची आमिषंही चालतात. पूल फोरवर लांब, वळीदार 'रिंगवर्म' जुने लोक पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासाने वापरतात. चाळीस अंशांच्या वर मी प्लास्टिक वापरतो, खाली मिनो. रंगांवर फार वेळ घालवू नका. गढूळ पाण्यात नारिंगी किंवा पोपटी, निवळ पाण्यात पांढरा-निळा, एवढं पुरे.

कपड्यांत कापूस नको, अंगाला लोकर किंवा कृत्रिम धागा. बोटं उघडी असलेले लोकरी हातमोजे दोन जोड, आणि मिनो काढायला वेगळा टॉवेल. हात कोरडा राहिला तर दिवस निभावतो.

होडी आणि हात: एक पूर्ण फेरी

मिसिसिपीवर थंडीत सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे धारेच्याच वेगाने खाली सरकत, दोरी सरळ उभी ठेवून गरवणं. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं, यात हातापेक्षा पायाचं काम जास्त आहे, कारण पायाखाली पुढच्या टोकावरच्या विजेवरच्या मोटरचं पायडल असतं.

डोहाच्या वरच्या टोकाला जा. मोठं इंजिन बंद करा. होडीचं तोंड धारेकडे किंवा वाऱ्याकडे, जे जास्त जोरात असेल त्याकडे ठेवा. जिग सोडा आणि दोरी सैल पडेपर्यंत जाऊ द्या. तळ लागला. आता दोरीकडे बघा.

पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने वाहतं, तळाशी वाळू आणि दगड धारेला घासतात म्हणून. मोकळी सोडलेली होडी वरच्या वेगाने जाते आणि जिग खालच्या संथ पाण्यात मागे राहतो. त्यामुळे दोरी नदीच्या वरच्या अंगाला तिरकी होते. ती तशी दिसली की मोटरने धारेविरुद्ध हलकासा जोर द्या, होडी मंद होईल आणि दोरी उभी होईल. दोरी खालच्या अंगाला तिरकी झाली तर तुम्ही जास्तच धरून ठेवलं आहे, जोर कमी करा. मोटर सतत चालू ठेवण्यापेक्षा छोटे छोटे धक्के द्या. दोरी तिरकी असेल तर बाकी कशाचाही उपयोग नाही. तिरक्या दोरीला पोट पडतं आणि चावा त्या पोटात विरून जातो.

दोरी उभी झाली की जिग तळापासून चार बोटं उचला. थांबा. मनात दहापर्यंत मोजा. मग छडीचं टोक खाली नेत नेत, दोरी ताठ ठेवूनच, जिग तळाला टेकवा. जिगला आपणहून पडू देऊ नका, कारण निम्मे चावे तो खाली येत असताना होतात आणि सैल दोरीतून ते कळत नाहीत. टेकला की परत चार बोटं. ऑक्टोबरात हीच उचल वीतभर असते. जानेवारीत चार बोटंही कधी जास्त होतात. तेव्हा जिग नुसता स्थिर धरा, होडीच्या डोलण्याने जेवढा हलेल तेवढा हलू द्या.

बाबांची बोटाची युक्ती इथे कामाला येते. छडीच्या मुठीवर पकड सैल ठेवा, तर्जनी दोरीखाली. तीन गोष्टी जाणवू शकतात. एक, हलकीशी टक, नख वाजल्यासारखी. दोन, जिग तळाला टेकायची वेळ झाली तरी टेकत नाही, म्हणजे कोणीतरी मध्येच धरला आहे. तीन, उचलताना ओलं फडकं लटकल्यासारखा जडपणा. तिन्हींना उत्तर एकच: मनगट आणि कोपर मिळून छडी सावकाश, पण ठामपणे वर. जोराचा झटका दिलात तर मिनो फाटून येतो आणि मासा तिथेच राहतो. वर उचलल्यावर दोरी डोकं हलवल्यासारखी धडधडली की मासा आहे. नुसतीच जड राहिली तर लाकूड.

मासा वर आणताना घाई नको. थंडीत वॉलआय फार पळत नाही, पण होडी दिसली की एकदा तरी खाली बुडी मारतो. रिळाची पकड आधीच सैल ठेवलेली असू द्या. जाळी पाण्यात आधी, मासा तिच्यावर नंतर.

डोहाच्या खालच्या टोकाला पोहोचलात की लगेच इंजिन लावून त्याच पाण्यावरून वर जाऊ नका, बाजूने वळसा घ्या. जिथे चावा आला ती खूण होडीवरच्या सोनार यंत्रावर (ध्वनिलहरींनी तळ दाखवणाऱ्या पडद्यावर) नोंदवा. पुढच्या फेरीत त्या खुणेच्या वीस फूट वरून सुरुवात करा आणि त्या जागी होडी निम्म्या वेगाने न्या. हिवाळ्यात मासे विखुरलेले नसतात. एका स्वयंपाकघराएवढ्या जागेत सहा असतील आणि पुढच्या दोनशे फुटांत एकही नसेल. तीन फेऱ्यांत काही नाही लागलं तर आधी खोली बदला, मग जागा, आमिष सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट करतात. गारठलेल्या हातांनी डबा उघडून तासभर रंग बदलत बसतात, आणि मासा मात्र चार फूट वरच्या कडेवर असतो.

होडी नसेल तर काठावरूनही जमतं. भोवऱ्याची रेघ काठाला जिथे सर्वांत जवळ येते ती जागा शोधा, एक अष्टमांश औंसाचा जिग थोडा वरच्या अंगाला टाका, दोरी ताठ ठेवून त्याला धारेबरोबर संथ पाण्यात वळू द्या. बर्फाळ दगडांवर मात्र उतरू नका, आणि काठाला चिकटलेल्या बर्फाच्या फळीवर तर कधीच नाही. खालून धार तिला खात असते.

हातात आल्यावर

वॉलआय आणि सॉगर ओळखता आलेच पाहिजेत, कारण नियम दोघांना वेगळे आहेत. पाठीवरचा पुढचा काटेरी पर उघडून बघा. त्याच्यावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतील तर सॉगर. ठिपके नसतील, पण पराच्या मागच्या बुडाशी एक काळा डाग असेल तर वॉलआय. वॉलआयच्या शेपटाच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. सॉगरच्या अंगावर तपकिरी चट्टे असतात, खोगीर टाकल्यासारखे.

मार्च २०२०पासून या सीमेवरच्या पाण्यात दोन्ही मिळून दिवसाला चारच मासे ठेवता येतात, त्यांत २० इंचांहून मोठा एकच. वॉलआय १५ इंचांपेक्षा लहान असेल तर सोडावा लागतो, सॉगरला किमान लांबीची अट नाही. धरणालगतच्या पट्ट्यात प्रवेशाचे आणि मासेमारीचे वेगळे निर्बंध असतात. फलक वाचा, आणि त्या वर्षीची नियमपुस्तिका फोनमध्ये ठेवा. माझं स्वतःचं मत विचाराल तर २० इंचांवरची एकही ठेवू नये. एवढी मोठी बहुधा मादी असते आणि हिवाळ्यात तिच्या पोटात वसंताची अंडी भरलेली असतात. पंधरा-सोळा इंचांचा मासा चवीलाही जास्त चांगला.

सोडायचा मासा हवेत धरून फोटोंची रांग लावू नका. गोठत्या वाऱ्यात कल्ले आणि डोळे क्षणांत इजा पावतात. हात ओला करा, कोरड्या मोज्याने धरलात तर अंगावरचा चिकट थर निघतो. शक्यतो जाळीतच, पाण्यात ठेवूनच गळ काढा. आणि तीस फुटांपेक्षा खोल पाण्यातून मासे ओढून सोडायचा खेळ करू नका. इतक्या खालून वर येताना त्यांची हवेची पिशवी फुगते, कधी पोट तोंडाशी येतं. असा मासा सोडला तरी जगेलच असं नाही. खोल डोहात सगळे छोटेच सॉगर लागत असतील, तर मी ती जागा सोडतो.

परतताना

उतारावरून वर आल्यावर होडीचा तळबूच काढा, मिनोच्या बादलीतलं नदीचं पाणी ओतून टाका. उरलेले मिनो न्यायचे असतील तर घरून आणलेलं पाणी घाला. झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका पाण्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून हा कायदा आहे आणि तो हिवाळ्यातही लागू आहे. मोठं इंजिन दोन मिनिटं सरळ उभं खाली ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळून जाईल. तिरकं वर उचलून तसंच नेलंत तर आत राहिलेलं पाणी गोठून घरापर्यंत इंजिनाला तडा जाऊ शकतो. ट्रेलरचे पट्टे पुसून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी होडी फळ्यांना गोठून चिकटलेली सापडते.

लांबीची अट असल्यामुळे मासे घरी पोहोचेपर्यंत अख्खे ठेवा. मिनेसोटाचा आरोग्य विभाग या नदीतले कोणते मासे महिन्यातून किती वेळा खावेत याची यादी प्रसिद्ध करतो. घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर ती आधी वाचा.

वॉलआयचं मांस पांढरं, पापुद्र्यांचं आणि वासाला अगदी सौम्य. कल्ल्यांमागून कापून कण्याच्या कडेने सुरी शेपटापर्यंत न्यायची, मग कातडी काढायची. मधल्या बारीक काट्यांची एकच ओळ असते, ती दोन कापांत निघते. आमच्याकडे हळद, मीठ, आगळ आणि थोडं लाल तिखट लावून अर्धा तास, मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून मध्यम आचेवर. मसाला हलकाच ठेवा, नाहीतर माशाची चव हरवते. डोकं फेकण्याआधी दोन्ही गालांतले रुपयाएवढे गोल तुकडे सुरीच्या टोकाने काढून घ्या. माशात त्यांच्याइतकं मऊ दुसरं काही नाही. त्या नोव्हेंबरात तीन माशांचे सहा तुकडे निघाले आणि ते सगळे बाबांच्या ताटात गेले.